मदत हवी आहे: वयाने मोठे सहकारी नेमून दिलेलं काम करत नाहीत, काय करावं?

जालन्याचा_पाहुणा
नमस्कार. थेट मुद्द्यावर येतो, बुधवार परत तोंडावर आलाय.

मी महिन्यापूर्वी कोपरखैरण्याला आलो. आधी दीड वर्ष गावाकडे प्रचारक होतो. सांगतील तिथे जायचं, सांगतील ते करायचं. इथे आल्या आल्या चार जणांची जबाबदारी माझ्यावर टाकली. कोण कुठल्या घरी जाणार, आजारी कोण, कोणाकडे किती दिवसांत कोणी गेलं नाही, हे सगळं मी ठरवायचं आणि महिनाअखेर वरती कळवायचं. मी सेक्टरप्रमाणे वेळापत्रक केलं, बुधवारी संध्याकाळी ७ ला घरप्रार्थना ठेवली, ग्रुपवर टाकलं. सगळ्यांनी ओके लिहिलं.

तीन बुधवार झाले, एकही जण वेळेवर नाही. मागच्या बुधवारी तर मी, पेटी आणि त्या घरातल्या आजी, एवढेच. आजींनी सगळे येणार म्हणून बारा कप चहा करून ठेवला होता, वर ताटल्या झाकलेल्या. निघताना मला त्या कपांकडे बघवेना.

सगळ्यात मोठे भाऊ ४३ वर्षांचे. तोंडावर हो म्हणतात आणि आपलं तेच करतात. मी २४ चा. कडक व्हावं का? की वरती सांगून त्यांची जागा बदलून घ्यावी? लवकर सांगा.

खाडीपलीकडचा
प्रचारक म्हणजे नक्की कसला? निवडणुकीचा, संघाचा, की आणखी कुठला? 'वरती' कोण बसलंय? हे चार जण पगारी आहेत का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

एरिया_मॅनेजर_वाशी
कसला का असेना, माणसं हाताळायची तर नियम सारखेच. मी २६ व्या वर्षी औषधांच्या कंपनीत सात जणांची टीम घेतली, त्यातले पाच माझ्याहून मोठे. रोज रात्री ९ ला ग्रुपवर रिपोर्ट मागायचा. ज्याचा आला नाही त्याला सगळ्यांसमोर विचारायचं. पंधरा दिवसांत सरळ होतात.

जालन्याचा_पाहुणा
चर्चचा. मराठी प्रोटेस्टंट मंडळी आहे आमची. वरती म्हणजे पाळकसाहेब, आमचे पास्टर. त्यांच्याकडे तीन मंडळ्या, म्हणजे तीन ठिकाणची चर्चं आहेत, इथे महिन्यातून एकच रविवार येतात. चौघांपैकी कोणालाच पगार नाही, सेवा म्हणून करतात.

निशा_ऐरोली
स्पष्ट विचारते, राग मानू नका. हे लोकांना धर्मात आणायचं काम आहे का?

जालन्याचा_पाहुणा
नाही ताई. मंडळीतलीच कुटुंबं आहेत, बहुतेक अहमदनगर, जालना, औरंगाबादकडून पोटासाठी इकडे आलेली. त्यांच्या घरी जायचं, प्रार्थना करायची, दवाखान्याला सोबत लागली तर जायचं, मुलांची शब्बाथ शाळा, म्हणजे रविवारचा बायबलचा वर्ग घ्यायचा.

निशा_ऐरोली
ठीक. मग माझं काही म्हणणं नाही.

आबा_नेरूळ
बाळा, मी नगरकडचा, आता नेरूळला मुलाकडे असतो. बायबलमध्ये पौलाने त्याच्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात काय लिहिलंय ते वाच. तुझं तरुणपण कोणी हलकं लेखू नये, तू वागण्या-बोलण्यात कित्ता हो. देवाने काम दिलंय तर घाबरून मागे सरू नकोस.

मेरीताई_ठाणे
आबा, चौथ्या अध्यायावर थांबू नका, पान उलटा. पाचव्याची सुरुवातच अशी की वडीलधाऱ्याला झिडकारून बोलू नकोस, बापाच्या ठिकाणी मानून समजाव. दोन्ही वचनं त्याच तीमथ्याला आहेत. मी ठाण्यात बावीस वर्षं महिला मंडळ सांभाळलं. नव्याने आलेला प्रत्येक तरुण पहिलं वचन पाठ करून येतो, आणि दुसरं कळेपर्यंत त्याची बदली होते.

आबा_नेरूळ
मीही झिडकार असं कुठे म्हटलं? पण शिस्त नको का? आमच्या वेळी घरप्रार्थनेला उशीर झाला तर बाहेर उभं राहायचो.

एरिया_मॅनेजर_वाशी
आबांशी सहमत. नऊचा रिपोर्ट चालू करा.

मेरीताई_ठाणे
पगार देता का त्यांना? फुकट राबणाऱ्या माणसाला चारचौघांत जाब विचारला की तो दुसऱ्या दिवशी घरी बसतो. तुमच्या टीमला पहिली तारीख होती.

तुर्भे_नाका
हे चौघं पोटापाण्यासाठी काय करतात, हे अजून कोणी विचारलंच नाही.

सूरसंगत
पेटीचा उल्लेख आला म्हणून लिहितो. कोपरखैरण्याला खाडीची हवा आहे. पावसाळ्यात दमटपणाने पट्ट्या फुगतात आणि दाबल्या की वर येत नाहीत. पेटी जमिनीवर ठेवू नका, भिंतीलाही टेकवू नका. वाजवून झाली की भाता पूर्ण बंद करून खटका लावा. आणि बुधवारी नुसती प्रार्थना ठेवण्यापेक्षा भजन ठेवा. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं टाळ-मृदंगावर धरली की शेजारीपाजारी दारात येऊन उभे राहतात, हे मी पाहिलंय.

आबा_नेरूळ
वा, टिळकांचं नाव काढलंत! १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १९१९ मध्ये ते गेले. मधल्या चोवीस वर्षांत ख्रिस्ताला त्यांनी अभंग-ओवीत बसवलं. १८४२ पासूनच्या 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकातही त्यांनी लिहिलं. आजही आमच्या मंडळीत त्यांच्या पदाशिवाय उपासना सुरू होत नाही.

खाडीपलीकडचा
छान माहिती, पण मुलाचा बुधवार उद्यावर आलाय. तुर्भे_नाका यांच्या प्रश्नाचं उत्तर?

जालन्याचा_पाहुणा
मोठे भाऊ भाजी मार्केटला गाळ्यावर लिखापढी करतात. दोघं एमआयडीसीत. ताई रबाळ्याला बालवाडीत.

तुर्भे_नाका
मग उत्तर तुम्हीच दिलंत. माझे वडील माथाडी होते, मी त्याच मार्केटच्या सावलीत वाढलो. भाजीच्या गाड्या रात्री लागतात, माल उतरतो, पहाटे धंदा होतो, उजाडल्यावर हिशेब. गाळ्यावरचा माणूस रात्री निघतो आणि सकाळी उशिरा घरी येऊन झोपतो. संध्याकाळी ७ म्हणजे त्याची सकाळ. जेवायचं, बायको-पोरांचं तोंड बघायचं ती हीच वेळ. एमआयडीसीवाल्यांची पाळी दर आठवड्याला बदलत असेल: ७ ते ३, ३ ते ११, ११ ते ७. तुमचा बुधवार त्यांना महिन्यातून एखादाच जमत असेल. गावाकडे सगळं शिवार संध्याकाळी घरी येतं. इथे तसं नाही.

विचारलंत का त्यांना?

जालन्याचा_पाहुणा
ग्रुपवर विचारलं होतं, वेळ चालेल का म्हणून. ओके आलं.

मेरीताई_ठाणे
ग्रुपवर नाही रे. समोर बसून. तू राहतोस कुठे?

जालन्याचा_पाहुणा
त्या मोठ्या भाऊंकडेच. एक खोली आणि स्वयंपाकघर आहे. मी बाहेरच्या खोलीत झोपतो.

मेरीताई_ठाणे
हे तू पहिल्याच ओळीत सांगायला हवं होतंस! त्या माणसाने आपली बाहेरची खोली तुला दिली, त्याच्या घरी तू जेवतोस, आणि त्यालाच तू ग्रुपवर वेळापत्रक पाठवतोस? तो दिवसा झोपतो तेव्हा तू काय करतोस?

जालन्याचा_पाहुणा
फोन करतो. मंडळीतल्या घरांना. दहा-साडेदहाला.

निशा_ऐरोली
अरे देवा. त्याच खोलीतून?

जालन्याचा_पाहुणा
हो. मध्ये पडदाच आहे.

आबा_नेरूळ
बाळा, मी माझं म्हणणं मागे घेतो. मेरीताईंचं ऐक.

एरिया_मॅनेजर_वाशी
मी मात्र एवढं म्हणेन, नोंद लागतेच. महिनाअखेर पाळकसाहेबांना काय दाखवणार? तोंडी कारभारात म्हातारी माणसं सुटून जातात.

मेरीताई_ठाणे
नोंद हवीच, मान्य. पण कोणाकडे नोंद आधीपासून आहे का ते बघा आधी. बायबलमध्ये मोशेला त्याचा सासरा काय म्हणाला? एकट्याने सगळं ओढू नकोस, दहा-दहांवर माणसं नेम. पण ती माणसं लोकांमध्येच होती, मोशेने बाहेरून आणली नव्हती.

घर_शोधा_घणसोली
दादा, वेगळी खोली हवी असेल तर घणसोलीत बैठ्या घरांत बघा. ठाणे-वाशी लोकल हाताशी आहे, स्टेशन चालत. रिक्षाचा खर्च वाचेल.

जालन्याचा_पाहुणा
खोली नकोय, धन्यवाद.

उशिरा लिहितोय, माफ करा. काल बुधवार होता. मी प्रार्थना ठेवली नाही. ७ वाजता भाऊ उठून चहा घेत होते, त्यांच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, दहा वाजता मी फोनवर बोलतो त्याने झोपमोड होते का? ते म्हणाले, होते, पण तू देवाचंच काम करतोस, म्हणून बोललो नाही. मला काय बोलावं सुचेना. मी माफी मागितली.

मग त्यांनी कपाटावरून एक शाळेची दोनशे पानी वही काढली. वरचं पुठ्ठं तेलकट झालेलं. नऊ वर्षांची वही. प्रत्येक घराला एक पान. नाव, माणसं, गाव, आणि समासात पेन्सिलीने पाळी. पेन्सिलीने का, तर पाळी बदलली की खोडता यावी. बारा कप करणाऱ्या आजींच्या पानावर लिहिलंय: सून ३ ते ११, सकाळी जावे, गुडघे, जिना नको. मी त्यांना दोन वेळा चर्चच्या जिन्यापर्यंत आणलं होतं.

महिनाभर मी जी घरं 'कोणी जात नाही' म्हणून लिहून ठेवली, तिथे हे कामावरून परतताना, सकाळी साडेनऊला, भाजीची पिशवी हातात घेऊन जातात. पाच मिनिटं प्रार्थना करतात. म्हणून बुधवारी दिसत नव्हते.

तुर्भे_नाका
वाचून बरं वाटलं. आता?

जालन्याचा_पाहुणा
उद्यापासून आठवडाभर मी त्यांच्या मागे जाणार. ते मार्केटमधून निघाले की तुर्भ्याला भेटायचं ठरलंय. पाळकसाहेबांना कळवतो की पुढचं वेळापत्रक वहीवरून होईल आणि भाऊंनी बघितल्याशिवाय ग्रुपवर जाणार नाही. फोन जिन्यात उभा राहून करीन.

एकच विचारायचं राहिलं. सकाळी नऊच्या सुमाराला मार्केटच्या कुठल्या गेटला उभं राहिलं तर गाड्यांच्या गर्दीत चुकामूक होणार नाही?

तुर्भे_नाका
गेटवर उभे राहूच नका, टेम्पोवाले हाकलतील. भाऊंना त्यांच्या गाळ्याचा नंबर विचारा आणि सरळ गाळ्यावर जा. आणि चपला नको, बूट घाला. खाली सगळा पाला आणि चिखल असतो.

मेरीताई_ठाणे
आणि आजींकडे पहिल्यांदा जा. सकाळी.