गोठ्यावरची चिंच छाटायची आहे: झाडावर चेनसॉ चालवताना दोर, पट्टा आणि काप कसा?

धुऱ्यावरचा (आर्वी, जि. वर्धा)
गोठ्याच्या टिनांवर जुन्या चिंचेच्या पाच-सहा फांद्या ओणवल्या आहेत. सगळ्यात जाड मांडीएवढी, उंची वीस-बावीस फूट. पावसाळ्याआधी काढायच्या आहेत. घरी ५८ सीसीची, १८ इंची बारची (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) मशीन आहे. गडी कुऱ्हाडीने छाटणीत तयार आहे, पण मशीन त्याने जमिनीवरच चालवली आहे. शिडीवरून जमेल का? कमरेला एक दोर पुरे का? आठ-दहा फुटांवरून ११ केव्हीची लाइनही गेली आहे.

तारकुंपण
भाऊ, आधी लाइन. महावितरणमध्ये अर्ज द्या. लाइनमन लाइन बंद करून अर्थिंग लावेल (तारा जमिनीला जोडेल) तेव्हाच चढा. शेतीच्या फिडरची लाइट गेलेली पाहून चढणं हा शुद्ध जुगार आहे, ती कधीही परत येते. ओली फांदी तारेला टेकली तर करंट झाडावरच्या माणसापर्यंत पोचतो.

करवत_कानस
शिडीचं डोक्यातून काढून टाका. टोकाचं वजन गेलं की उरलेली फांदी वर उसळते आणि तिला टेकवलेली शिडी सुटते. नाहीतर तुटलेला भाग झुलत येऊन शिडीलाच धडकतो.

मशीन चालू असेपर्यंत माणूस दोन ठिकाणी अडकलेला पाहिजे. एक मुख्य दोर डोक्यावरच्या जिवंत, जाड बेचक्यातून. दुसरा आखूड दोर खोडाभोवती, आत स्टीलची तार असलेला. ताणलेल्या दोराला चालू चेन नुसती घासली तरी तो क्षणात तुटतो, म्हणून दोन. तारेच्या दोरालाही चेन लागू द्यायची नाही, तारेमुळे फक्त थोडा वेळ मिळतो.

नुसता कमरेला बांधलेला दोर पडताना पोटात आणि बरगड्यांत रुततो. मांड्यांचे पट्टे आणि दोन्ही बाजूंना कड्या असलेला हार्नेस घ्या. बांधकामावरच्या बेल्टला बहुधा पाठीमागेच कडी असते. तो पडणं अडवतो, पण त्यात बसून काम होत नाही. बाजारातला पिवळा प्लॅस्टिकचा दोर घासून तापला की मऊ पडतो, तो चढायला नको.

तुमची मशीन पेट्रोलसकट सात किलोच्या आसपास भरेल. ती जमिनीवरच ठेवा. झाडावर वरच्या हँडलची, १०-१२ इंची बारची, तीन किलोच्या आसपासची मशीन लागते. पण हलकी म्हणून एका हाताने चालवायचा मोह होतो आणि तिथेच घात होतो. बारच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला की बार तोंडाकडे उसळतो. चिंचेत बारीक काड्यांची दाटी, टोक कशाला लागेल ते दिसत नाही. म्हणून आधी काड्या कोयत्याने साफ करा. दोन्ही हात मशीनवर, डावा अंगठा हँडलखाली वळवलेला, काप खांद्याच्या खालीच. मशीन खाली तापवून, बंद करून वर पाठवा. वर सुरू करताना आणि जागा बदलताना चेनब्रेक (चेन फिरू न देणारा खटका) लावलेला हवा.

खरं सांगू? गडी नवखा असेल तर हातआरी घ्या. पोटरीएवढी फांदी वाकड्या पात्याच्या आरीने आरामात निघते. मांडीएवढीला मात्र मशीनवर झाडावरच काम केलेला माणूस बोलवा.

मोहाचं_झाड
कापाबद्दल. खोडापासून फूट-दीड फूट सोडून खालून पाव ते तिसरा हिस्सा काप. त्याहून खोल गेलात तर फांदी खाली बसते आणि बार अडकतो. मग दोन इंच बाहेर सरकून वरून काप. खालचा काप टाळला तर साल बुंध्यापर्यंत सोलत येते, माणसाच्या पायापर्यंत. उरलेलं खुंट शेवटी, फांदीच्या मुळाशी असलेला फुगवटा सोडून काढा.

टिनांवरच्या फांदीचे तुकडे दोराने उतरवा. दोर वरच्या बेचक्यातून, खाली बुंध्याला दोन-तीन वेढे. खालच्याने दोर हाताला गुंडाळायचा नाही. आठ इंच जाडीचा तीन फुटी ओला तुकडा तीस किलोच्या घरात जातो. गोठ्यातली जनावरं आधीच बाहेर.

धुऱ्यावरचा
जमिनीवरचे ओंडके आमच्याच मशीनने करू. पण भुसा पिठासारखा पडतो आणि दाबावं लागतं.

करवत_कानस
चेन बोथट आहे. धार असली की भुश्याचे तुकडे पडतात आणि चेन स्वतःच आत ओढते. ०.३२५ इंच पिचची (चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) चेन असेल तर ४.८ मिमीची गोल कानस, ३० अंशांचा कोन, प्रत्येक दाताला सारखेच घासे. पेट्रोल भराल तेव्हा बारचं ऑईलही भरा. पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑईल मशीनच्या पुस्तिकेतल्या प्रमाणात: २५:१ म्हणजे लिटरला ४० मिली, ५०:१ म्हणजे २० मिली.

तारकुंपण
आणि आग्या मोहोळ आहे का ते आदल्या दिवशीच चारी बाजूंनी बघा. मशीनच्या धक्क्यांनी माश्या उठतात आणि दोन दोरांत अडकलेल्याला पटकन उतरता येत नाही. मोहोळ असेल तर ते काढल्याशिवाय कोणालाही वर चढवू नका.