बोअरचं पाणी तपासायचं ठरलंय (बहुतेक)

वहिनी प्लॉट १४: सगळ्यांना नमस्कार. परवाच्या पावसापासून आमच्या बोअरच्या पाण्याला वास यायलाय. लेक बाळंतपणाला आलेली आहे, बाळ दोन महिन्याचं, वरचं दूध चालू आहे. डॉक्टर विचारायलेत पाणी कुठलं, तपासलंय का. आपल्यात कुणी तपासलंय का? मागच्या मीटिंगला ठरलं होतं त्याचं काय झालं

बप्पा प्लॉट ९: तुरटी फिरवा

दादा प्लॉट १६: वहिनी मागच्या मीटिंगला कमानीच्या लाइटचं ठरलं होतं. पाण्याचं त्याच्या मागच्या.

मोनूचे पप्पा: 😂😂

वहिनी प्लॉट १४: हसण्यासारखं काय आहे यात. आणि वास कशानं यायलाय ते सगळ्यांना माहितीय, कुणाची संडासची शेप्टी टाकी कुठं खांदलीय ते मी लिहायची गरज नाही.

नाना प्लॉट ११: लिहा की. नाव घेऊन लिहा. माझी टाकी तुमच्या बोअरच्या आधीची आहे. तुम्ही बोअर पाडला २०१६ ला, तवा टाकी दिसत नव्हती का

दादा प्लॉट १६: नाना २०१६ ला लातूरला मिरजहून रेल्वेनं पाणी यायलं होतं. तवा कोण टाकी बघतंय, पाणाड्याचा नारळ उभा राहिला की तिथं बोअरची गाडी लावायची

अध्यक्ष: कृपया वैयक्तिक बोलू नये. गुरुजी तुम्ही मार्गदर्शन करा.

गुरुजी प्लॉट ३: वहिनी, पहिले बाळाचं. रिपोर्ट येईपर्यंत बोअरचं पाणी बाळाच्या दुधाला वापरू नका, उकळून पण नको, कारण उकळल्यानं जंतू मरतात पण नायट्रेट (घाणीतून, खतातून पाण्यात विरघळणारा क्षार) जात नाही, उलट पाणी आटतं आणि नायट्रेटचं प्रमाण वाढतं, सहा महिन्याच्या आतल्या लेकराला त्यानं त्रास होतो, रक्त ऑक्सिजन नीट नेत नाही, ओठ-नखं निळसर पडतात. तसं दिसलं तर लगेच दवाखाना, इथं मेसेज टाकत बसू नका. आणि बप्पा, तुरटीनं गाळ खाली बसतो. नायट्रेट नाही.

बप्पा प्लॉट ९: आमच्या म्हाताऱ्यानं जन्मभर आडाचं पाणी पिलं. ९० वर्षं जगला.

मोनूचे पप्पा: मी आत्ताच मीटर लावून बघितला. टीडीएस ४१०. ५०० पर्यंत चालतंय म्हणजे आपलं पाणी एकदम झकास, विषय संपला

गुरुजी प्लॉट ३: विषय संपला नाही. टीडीएस म्हणजे सगळे क्षार मिळून किती, कोणता किती ते मीटर सांगत नाही. ४१० मध्ये नायट्रेट ८० असू शकतं आणि मर्यादा आहे लिटरला ४५ मिलिग्रॅम. जंतू तर मीटरला दिसतच नाहीत.

प्लॉट २० साहेब: सर्व सन्माननीय सदस्यांना नम्र विनंती. तपासणी जरूर करावी परंतु कोणाचाही रिपोर्ट ग्रुपवर टाकू नये. ज्याचा त्याला द्यावा. 🙏

आप्पा टँकर: माझं टँकरचं पाणी कधीबी तपासा. माझी तयारी आहे

दादा प्लॉट १६: आप्पा तुम्ही तर पेढे वाटा, सगळे बोअर फेल झाल्यावर

आप्पा टँकर: उन्हाळ्यात रात्री अकरा वाजता फोन कोण करत होतं दादा? तवा आप्पा गोड होता

वहिनी प्लॉट १४: गुरुजी पण नुसतं आमचंच तपासून काय उपयोग. नानांचं, ९ चं, १२ चं, सगळ्यांचं करा की

गुरुजी प्लॉट ३: तेच सांगायलो. आपल्याकडं खाली सगळा काळा पाषाण, पाणी भेगांतून चालतं, आणि भेग काही प्लॉटची हद्द बघून थांबत नाही. बोअर आठशे फूट असला तरी केसिंग पाइप (बोअरच्या आत कडेनं बसवतात तो) आपण पैसे वाचवायला वर-वरच टाकलेत, मग पावसाचं पाणी कडेनं आत उतरतं. टाकी आणि बोअरमधे ५० फूट तरी पाहिजे, असल्या दगडात तेवढं पण कधी पुरत नाही. आणि नाना, रिपोर्टमध्ये कुणाचं नाव येत नसतं. नायट्रेट पलीकडच्या उसाला टाकलेल्या युरियाचं पण असतं. पण नायट्रेटबरोबर ई कोलाय, म्हणजे विष्ठेतले जंतू, पण निघालं तर मात्र घाण पाणी मिसळायलंय हे नक्की.

नाना प्लॉट ११: म्हणजे फिरून माझ्यावरच.

प्लॉट २० साहेब: वरील विनंती पुन्हा एकदा. रिपोर्ट ग्रुपवर टाकू नये. 🙏

दादा प्लॉट १६: साहेब गिऱ्हाईक ग्रुपवर आहे का 😄

*हा मेसेज डिलीट केला आहे.*

प्लॉट २० साहेब: घर विकायचं की नाही हा माझा वैयक्तिक प्रश्न आहे.

मोनूचे पप्पा: डिलीट काय केलं साहेब, आम्ही वाचलं

अध्यक्ष: मुद्द्यावर या. गुरुजी खर्च किती आणि कुणी करायचा? सोसायटीच्या खात्यात कमानीचे पैसे आहेत ते काढता येणार नाहीत. ७ आणि १८ नं अजून मेंटेनन्स भरला नाही हे पण लक्षात घ्यावे.

प्लॉट ७: पाण्याच्या विषयात मेंटेनन्स कुठून आला. अडीच वर्षं झाली माझ्या दारातला लाइट बंद आहे

ताई प्लॉट १८: आम्ही भाडेकरू आहोत. मेंटेनन्स मालक भरतात. तपासणीचे मी देते पण रिपोर्ट मला पाहिजे, पाणी मी पितेय, मालक पुण्यात फिल्टरचं पितायत

गुरुजी प्लॉट ३: बरोबर आहे ताई. सोमवारी मी भूजल सर्वेक्षणच्या लॅबला जाऊन फी विचारतो आणि जंतूंच्या तपासणीच्या निर्जंतुक बाटल्या घेऊन येतो. बुधवारी सकाळी सगळ्यांचं एकदमच काढू. शुक्रवार-शनिवार नको, जंतूंचं सँपल लावल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बघावं लागतं, मधी रविवार येतो. दर घरी दोन बाटल्या. मोटर दहा मिनिटं चालवून मग भरायचं, वरच्या टाकीचं नाही, थेट बोअरचं. क्षारांची लिटरची बाटली त्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळायची. जंतूंची बाटली अजिबात विसळायची नाही, बुचाच्या आत बोट लावायचं नाही, काठोकाठ भरायची नाही, भरली की बर्फात. मिनरलच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून माझ्या गेटवर ठेवून जाऊ नका, मागच्या वेळी एकानं सरबताच्या बाटलीत आणलं होतं.

बप्पा प्लॉट ९: ते मीच. धुतली होती

बप्पा प्लॉट ९: आणि रविवारी मी बोअरमध्ये ब्लिचिंग टाकलंय अर्धा किलो. वास आल्यामुळं

गुरुजी प्लॉट ३: बप्पा!! मग तुमचं बुधवारी नको. क्लोरीन असताना जंतू दिसणारच नाहीत आणि तुम्ही म्हणाल पाणी चांगलं. तुमचं नंतर घेऊ, वास पूर्ण गेल्यावर.

वहिनी प्लॉट १४: म्हणजे वास फक्त आमच्याकडंच यायलाय असं नाही तर. बप्पा तुम्ही गप्प राहून तुरटी सांगायलात मला!

बप्पा प्लॉट ९: नानांना वाईट वाटू नये म्हणून

नाना प्लॉट ११: वा. सगळ्या कॉलनीला वास येतोय आणि मला कुणी तोंडावर बोलत नाही, बायकांत कुजबुज

ताई प्लॉट १८: गुरुजी आमच्याकडं आरओ आहे, चालेल ना?

गुरुजी प्लॉट ३: आरओनं नायट्रेट बऱ्यापैकी कमी होतं, पण मेंब्रेन, म्हणजे आतला गाळायचा पडदा, चांगली असली तर. कधी बदललीय? आरओच्या पुढचं आणि मागचं, दोन्ही सँपल द्या, कळेल. नुसता यूव्ही (दिव्यानं जंतू मारणारा फिल्टर) असला तर नायट्रेट तसंच येतं.

ताई प्लॉट १८: मेंब्रेन बदलायची असते?

प्लॉट २० साहेब: रिपोर्ट ग्रुपवर टाकू नये. 🙏

गुरुजी प्लॉट ३: साहेब, नाव-नंबर न टाकता टाकू. कोणत्या बाजूच्या किती बोअरला काय निघालं एवढंच. बाकी ज्याचा कागद त्याच्या हातात. पण १४ नंबरचा मी वहिनींना विचारून नानांना दाखवणार, आणि नानांचा वहिनींना, दोघांच्या संमतीनं. नाहीतर हे भांडण पुढच्या पावसाळ्यात पण इथंच असेल.

वहिनी प्लॉट १४: माझी हरकत नाही.

नाना प्लॉट ११: माझं पण नाव लिहा. पण बाटली मी स्वतः भरणार.

गुरुजी प्लॉट ३: स्वतःच भरा, मी बाजूला उभा राहतो.

नाना प्लॉट ११: टाकीला मागच्या वर्षी आतून चीर दिसली होती. गवंडी बघून गेला, नंतर आलाच नाही. त्याचा नंबर आहे का कुणाकडं

दादा प्लॉट १६: पाठवतो नाना. त्याला ॲडव्हान्स देऊ नका

अध्यक्ष: आतापर्यंत नावे: ३, ११, १४, १६, १८. बाकीच्यांनी रविवारपर्यंत कळवावे. बर्फ आणि थर्माकोलचा डबा कोण आणणार?

आप्पा टँकर: डबा माझ्याकडं आहे. गाडी पण माझीच घ्या, डिझेलचं नंतर बघू

मोनूचे पप्पा: आमचं पण लिहा. टीडीएस ४१० आहे तरी