मदत हवी आहे: कॅसिनो साइटला एनईएफटी केली, दोन दिवस झाले, वॉलेटमध्ये जमा नाही

प्रश्न – मानेवाडा४४
मामेभावानं परवा संध्याकाळी एका ऑनलाइन कॅसिनोला ४०,००० रुपये एनईएफटीनं पाठवले. त्याआधी ५,००० आयएमपीएसनं (बँकेतून लगेच पैसे पोचवणाऱ्या सेवेनं) टाकले होते, ते दहा मिनिटांत वॉलेटमध्ये दिसले. या वेळी खातं वेगळं दिलं, कुठल्याशा ट्रेडर्सच्या नावाचं. बँकेतून बरोबर ४०,००० वजा झाले, यूटीआर नंबर (व्यवहाराचा ओळख क्रमांक) आहे. साइटवाले म्हणतात, बँकेकडून उशीर आहे, ३ ते ५ कामाचे दिवस लागतील. लवकर पाहिजे तर ४ टक्के शुल्क भरा. एनईएफटीला खरंच इतका वेळ लागतो का? शुल्क कशाचं? नागपुरात बर्डीच्या बँक शाखेत जाऊन काही होईल?

इतवारीकर
नाही लागत भाऊ. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास चालते, रविवारी-सणावारीसुद्धा. दर अर्ध्या तासाला एक, अशा दिवसाच्या ४८ बॅच. बॅचचा हिशेब झाला की दोन तासांच्या आत समोरच्या बँकेनं रक्कम जमा करायची, नाहीतर परत पाठवायची. खातं बंद असेल किंवा नंबरच अस्तित्वात नसेल तर पैसे परत येतात. तुमचे आले नाहीत, म्हणजे त्या ट्रेडर्सच्या खात्यात पडले. कामाचे दिवस वगैरे साइटची पळवाट आहे.

आयएमपीएसचे दहा मिनिटंही बँकेचे नाहीत. ती काही सेकंदांत होते. पलीकडे कोणीतरी यूटीआर बघून वॉलेटमध्ये आकडा टाकतो, वेळ तिथं जातो.

शुल्काचं म्हणाल तर बचत खात्यातून ऑनलाइन एनईएफटी जानेवारी २०२० पासून फुकट आहे. शाखेतून केली तरी १०,००० ते १ लाखापर्यंत जास्तीत जास्त ५ रुपये, वर जीएसटी. आयएमपीएसला बँकेगणिक थोडेफार रुपये लागतात. ४ टक्के म्हणजे १,६०० रुपये. असा दर कुठल्याच बँकेच्या तक्त्यात नाही. भरू नका.

मानेवाडा४४
मग बँक ते पैसे परत ओढू शकत नाही का? उशिराबद्दल रोज १०० रुपये भरपाई मिळते असं वाचलं.

धरमपेठ_लेखापाल
ते १०० रुपये अडकलेल्या व्यवहारासाठी आहेत. आयएमपीएस किंवा यूपीआयमध्ये खात्यातून वजा झाले, समोर जमा झाले नाहीत आणि दुसऱ्या दिवसापर्यंत परतही आले नाहीत, तर. तुमचा व्यवहार यशस्वी झालाय. ज्याच्या खात्यात पैसे पडले त्याच्या संमतीशिवाय बँक जमा रक्कम उलटी फिरवत नाही. म्हणून सिव्हिल लाइन्सला रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात चकरा मारूनही हाती काही लागणार नाही. रिझर्व्ह बँकेचा लोकपाल (तक्रारी ऐकणारा अधिकारी) बँकेची सेवा चुकली तर ऐकतो, इथं बँक चुकलेली नाही.

खातं का बदललं ते बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या केंद्राच्या कायद्यात पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, अशा खेळांचे व्यवहार करायलाही बँकांना मनाई आहे. त्यामुळे या साइट स्वतःच्या नावानं खातं दाखवत नाहीत, भाड्यानं घेतलेल्या खात्यांवर पैसे घेतात. एक गोठलं की दुसरं देतात. जुन्या खात्यावर पैसे गेले तर साइट सरळ हात वर करते.

आता करायचं ते असं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आजच फोन लावा; पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आधी तक्रार गेली तरच रक्कम रोखली जाण्याची शक्यता, आणि इथं दोन दिवस आधीच गेलेत. यूटीआर, तारीख-वेळ, समोरचा खाते क्रमांक, आयएफएससी आणि चॅटचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तीच माहिती भरा. बर्डीच्या शाखेत जायचं ते त्यानंतर: तक्रार क्रमांक लिहून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही, तेव्हा भावाला घाबरून गप्प बसू देऊ नका.

इतवारीकर
एक राहिलं. साइटनं आधीचे ५,००० परत देतो म्हटलं तर कोणत्या खात्यातून येतात ते बघा. तसल्याच भाड्याच्या खात्यातून आले आणि त्यावर कुण्या तिसऱ्याची तक्रार असली, तर पोलिसांच्या सूचनेवरून तेवढी रक्कम भावाच्याच खात्यात रोखली जाते. पगाराचं खातं असेल तर किराण्याचेही वांधे. आणि "पैसे काढायला आधी कर भरा" असा मेसेज येईलच. जिंकलेल्या रकमेवरचा कर (टीडीएस) रकमेतूनच कापला जातो, तो कोणी आगाऊ मागत नाही.

मानेवाडा४४
१९३० लावतोय. चॅट त्याच्या फोनमध्येच आहे, डिलीट करू नको म्हणून सांगतो.