मदत हवी आहे: मुंबई विमानतळावरून शहरात जाण्यासाठी वडीलधाऱ्यांना कोणते वाहन सोयीचे पडेल?

साखरपेठ_सोलापूर
नमस्कार. माझे आई-वडील येत्या शुक्रवारी विमानाने मुंबईला उतरत आहेत आणि तेथून त्यांना रात्रीच्या गाडीने सोलापूरला यायचे आहे. विमानतळावरून शहरात जाण्यासाठी टॅक्सी, मेट्रो, लोकल, बस असे सगळेच मार्ग दिसतात, परंतु ज्याला विचारावे तो वेगळेच सांगतो, आणि सगळी माहिती वाचत बसण्याइतका वेळ आता उरलेला नाही. मी स्वतः सोलापुरात असल्यामुळे त्यांना घ्यायला जाऊ शकत नाही. नेमके काय करावे एवढे कोणी खात्रीने सांगितले तर फार उपकार होतील. कृपया आज रात्रीपर्यंत उत्तर द्यावे, कारण उद्या सकाळी त्यांच्याशी फोनवर बोलून ठरवायचे आहे.

सात_रस्ता
ताई, विमानतळ कोणता ते आधी सांगा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालेला आहे, त्यामुळे नुसते ‘मुंबई’ म्हणून भागत नाही. तिकिटावर ‘बीओएम’ अशी अक्षरे असतील तर जुना विमानतळ आणि ‘एनएमआय’ असतील तर नवी मुंबई. जुन्या विमानतळावरही टर्मिनल १ विलेपार्ल्याच्या बाजूला आणि टर्मिनल २ सहारला, अंधेरी पूर्वेकडे आहे, आणि देशांतर्गत विमाने दोन्हीकडे उतरतात. हे कळल्याशिवाय दिलेला सल्ला फुकट जाईल.

जुळे_सोलापूरकर
यात एवढा विचार करण्यासारखे काही नाही. बाहेर पडण्यापूर्वीच प्रीपेड टॅक्सीची खिडकी लागते, तेथे पैसे भरून पावती घ्यावी आणि थेट गाडीत बसावे. भाडे आधीच ठरलेले असल्यामुळे वाटेत घासाघीस होत नाही, आणि सामान गाडीत ठेवले की ते थेट स्थानकाच्या दारातच उतरते. आम्ही घरातील ज्येष्ठांना नेहमी असेच आणतो. मोबाइलवरून बोलावलेल्या टॅक्सीसाठी मात्र वाहनतळाच्या इमारतीत ठरलेल्या जागी जावे लागते व गाडीचा क्रमांक शोधत उभे राहावे लागते, ते वयस्कर माणसांना जड जाते.

कुर्डुवाडी_जंक्शन
रात्रीची गाडी म्हणजे सिद्धेश्वर एक्सप्रेसच ना? तिकीट सीएसएमटीपासून काढले आहे की दादरपासून? विमान किती वाजता उतरते? आपण ‘शहरात’ म्हणता, पण प्रश्न खरा गाडी गाठण्याचा आहे, आणि त्याचे उत्तर या तीन गोष्टींवर अवलंबून आहे.

होटगी_रोड
मुळात मुंबईला उतरायचेच कशाला? आपल्या होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून ऑक्टोबर २०२५ पासून मुंबईची विमानसेवा सुरू झालेली आहे. ज्या धावपट्टीसाठी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली, तिचा उपयोग सोलापूरकरांनीच केला नाही तर ही सेवा टिकणार कशी?

विजापूर_वेस
चिमणीच्या विषयावर गावात पुरेसे बोलून झाले आहे, आणि त्या कारखान्याचे सभासद असलेल्या ऊस उत्पादकांचीही त्यात एक बाजू होती. तो वाद येथे नको, ताईंना शुक्रवारची सोय करायची आहे. माझ्या मते वंदे भारत एक्सप्रेस सर्वांत चांगली. १० फेब्रुवारी २०२३ पासून ती धावते आहे, दुपारी चारच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते आणि रात्री अकराच्या आत सोलापूरला पोहोचवते. बुधवार सोडून रोज असते, त्यामुळे शुक्रवारी मिळेल.

साखरपेठ_सोलापूर
सर्वांचे आभार. विमानतळ जुना आहे, तिकिटावर टर्मिनल २ लिहिले आहे. विमान वाराणसीहून येत आहे. गाडी सिद्धेश्वरच आहे आणि आरक्षण पक्के झालेले आहे, त्यामुळे गाडी बदलण्याचा प्रश्न नाही. आता कृपया टॅक्सी की मेट्रो एवढेच सांगावे.

दौंड_मार्गे
मेट्रो, यात शंका नाही. भुयारी मेट्रो ३ ही मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण सुरू झालेली आहे. ३३.५ किलोमीटर आणि २७ स्थानके आहेत, आणि त्यांत टर्मिनल २ चे स्वतंत्र स्थानक आहे. तेथून कफ परेडकडे जाणाऱ्या गाडीत बसावे आणि दादरला उतरावे, सिद्धेश्वर दादरला थांबतेच. कितीही लांब गेले तरी भाडे सत्तर रुपयांच्या पुढे जात नाही. टॅक्सीला त्याच्या कितीतरी पट पैसे देऊन वाकोला आणि कलानगरच्या कोंडीत बसण्यात काय अर्थ आहे?

जुळे_सोलापूरकर
पैशांचा हिशोब येथे नको. काशीहून येणाऱ्या मंडळींबरोबर सामान किती असते याचा विचार करा. शिवाय संध्याकाळी मुंबईतील मोठी गर्दी दक्षिणेकडून उपनगरांकडे जाते, आणि हे लोक उलट दिशेने जाणार आहेत. त्यामुळे टॅक्सीला आपण म्हणता तेवढा वेळ लागत नाही.

दौंड_मार्गे
उलट दिशेचे म्हणणे लोकलला लागू पडते, रस्त्याला पूर्णपणे नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातील कार्यालये सुटली की कलानगर आणि शीवच्या बाजूचे रस्ते दोन्हीकडून भरतात. टर्मिनल २ पासून सीएसएमटी रस्त्याने सुमारे २५ किलोमीटर आहे. शुक्रवारी संध्याकाळी ते तासाभरात होईल की दोन तासांत, हे टॅक्सीवालाही सांगू शकत नाही. मेट्रोचा वेळ आधी सांगता येतो, आणि गाडी गाठायची असेल तेव्हा भाड्यापेक्षाही तीच गोष्ट महत्त्वाची असते.

अक्कलकोट_नाका
सोलापूरहून विमानतळावर जाताना काय करावे तेही येथेच लिहून ठेवतो, कोणाला तरी उपयोगी पडेल. सिद्धेश्वरने पहाटे मुंबईत आल्यावर सामान कमी असेल तर दादरला उतरून टॅक्सी करावी, कारण त्या वेळी रस्ते मोकळे असतात. सामान जास्त असेल तर सीएसएमटीपर्यंत जाऊन आरेकडे जाणारी मेट्रो धरावी. दुपारनंतरचे विमान असेल तर घाई करण्याचे कारण नाही, प्रतीक्षालयात आंघोळ-चहा उरकून निघावे.

साखरपेठ_सोलापूर
जाण्याचा नव्हे, येण्याचा प्रश्न आहे. विमान संध्याकाळी साडेसहाला उतरते. वडिलांच्या गुडघ्याचे दुखणे आहे, जिना चढायला त्रास होतो, सपाट जागेवर हळूहळू चालतात. सोबत मावशीही आहे. चाकांच्या दोन मोठ्या बॅगा, दोन पिशव्या आणि तांब्या-पितळेच्या वस्तूंचे एक जड खोके असे सामान आहे. तिकीट सीएसएमटीपासूनचे आहे. मेट्रोने दादरलाच उतरावे का?

कुर्डुवाडी_जंक्शन
दादरला मुळीच उतरू नये. मेट्रोचे दादर स्थानक पश्चिमेला गोखले रस्त्याच्या बाजूला आहे, आणि सोलापूरच्या गाड्या मध्य रेल्वेच्या फलाटांवर, म्हणजे पूर्वेकडे लागतात. वर आल्यावर फेरीवाले आणि बाजाराच्या गर्दीतून चालत स्थानक गाठायचे, मग पादचारी पूल चढून पश्चिम रेल्वेचे सगळे फलाट ओलांडायचे आणि पुन्हा खाली उतरायचे. शुक्रवारी संध्याकाळी त्या पुलावर धडधाकट माणसालाही खांद्याला खांदा लावून सरकावे लागते. गुडघा दुखणारे वडील आणि पितळेचे खोके घेऊन हे करायला सांगणे योग्य नाही. त्यातच सिद्धेश्वर दादरला अगदी थोडा वेळ थांबते, तेवढ्यात तीन ज्येष्ठांनी आपला डबा शोधून सामान चढवणे कठीण आहे.

सीएसएमटीला मात्र सगळे उलट आहे. तेथे मेट्रोचे स्थानक रेल्वे स्थानकाला भुयारी मार्गाने जोडलेले आहे, त्यामुळे रस्ता ओलांडावा लागत नाही. मेट्रो आझाद मैदानाच्या बाजूला आणि मेल-एक्सप्रेसचे फलाट पूर्वेच्या टोकाला असल्यामुळे चालणे आहे, पण पुलाची चढउतार नाही, कारण सीएसएमटीच्या मुख्य दालनातून सगळ्या फलाटांवर सपाटीने जाता येते. वर आल्याबरोबर हमाल करावा व त्याला गाडीचे नाव आणि डब्याचा क्रमांक सांगावा. गाडी येथूनच सुटत असल्यामुळे ती आधी लागलेली असते आणि बसायला घाई होत नाही.

वेळेचे पाहू. साडेसहाला उतरून सामान हाती येईपर्यंत सव्वासात-साडेसात धरावे. टर्मिनलमधून बाहेर येऊन मेट्रो स्थानकापर्यंत थोडे चालावे लागते, तेथे सामान तपासणी यंत्रातून जाते आणि खाली जायला लिफ्ट आहे. कफ परेडची गाडी धरल्यावर तासाभराच्या आत सीएसएमटी येते, म्हणजे नऊच्या आत सगळे स्थानकावर असतील. सिद्धेश्वर रात्री पावणेअकराच्या सुमारास सुटते. मधला वेळ जेवण आणि विश्रांतीसाठी पुरेसा आहे.

जुळे_सोलापूरकर
दादरबद्दल आपण लिहिले ते मला पूर्ण मान्य आहे. परंतु खाली उतरणे, तपासणी, पुन्हा वर येणे, मग भुयारातून चालणे, हे सगळे गुडघ्याचे दुखणे असलेल्या माणसाने का करावे? हाताशी तीन तास आहेत, तर कोंडीत अर्धा तास जास्त गेला तरी टॅक्सीत बसूनच जाणार ना? माझे मत अजूनही टॅक्सीकडेच आहे. फक्त गाडी मोठी घ्यावी, कारण साध्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत तीन माणसे आणि एवढे सामान नीट बसणार नाही.

लष्कर_भाग
मी याच मार्गाने वृद्ध नातेवाइकांना आणले आहे, म्हणून दोन्ही बाजू पाहून लिहिते. गुडघ्याच्या दुखण्यात टॅक्सीत दीड-दोन तास पाय दुमडून बसणेही सोपे नसते, मेट्रोत पाय मोकळे राहतात आणि ज्येष्ठांसाठी राखीव जागा असतात. ताईंनी आजच विमान कंपनीला कळवून वडिलांसाठी चाकाची खुर्ची मागून ठेवावी. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत, आणि मदतनीस विमानाच्या दारापासून सामानाच्या पट्ट्यापर्यंत व पुढे टर्मिनलच्या बाहेरपर्यंत सोडतो. तेथपर्यंत वडील दमले नाहीत तर मेट्रो, दमले असतील तर प्रीपेड टॅक्सी, असा निर्णय तेथेच घेता येईल. सोलापुरात बसून तो आपण घेण्यापेक्षा त्यांच्यावर सोपवावा.

सात_रस्ता
एक सावधगिरीची सूचना. नकाशावर ‘एअरपोर्ट रोड’ नावाचे मेट्रो स्थानक दिसेल, ते वर्सोवा-घाटकोपर या जुन्या मेट्रो १ चे आहे आणि टर्मिनलपासून दूर, अंधेरी-कुर्ला रस्त्यावर आहे. नाव वाचून रिक्षाने तेथे जाणारे लोक मी पाहिले आहेत. आई-वडिलांना ‘टर्मिनल २’ हेच नाव लिहून द्यावे.

साखरपेठ_सोलापूर
ही माहिती मला हवी होती. चाकाची खुर्ची आत्ताच मागितली आणि तशी नोंद तिकिटावर आलीही. आता फक्त एक काळजी उरली आहे. विमानाला उशीर झाला तर काय करायचे? मेट्रो रात्री किती वाजेपर्यंत असते?

दौंड_मार्गे
शेवटच्या गाड्या साडेदहाच्या सुमारास सुटतात, पण त्या वेळेपर्यंत थांबण्यात आपल्याला अर्थ नाही. साडेआठपर्यंत सामान हाती आले तर मेट्रोने सीएसएमटी, हे कायम ठेवावे. त्याहून उशीर झाला तर चालण्यात जाणारा वेळ परवडणार नाही.

कुर्डुवाडी_जंक्शन
मग तेव्हा टॅक्सीने दादर पूर्व गाठावे. तेथे अंतर निम्म्याच्या आसपास होते, रात्री नऊनंतर रस्ते थोडे सुटतात आणि गाडी सीएसएमटीहून निघाल्यावर दहा-बारा मिनिटांनी तेथे येते. टॅक्सीवाल्याला ‘दादर पूर्व, मध्य रेल्वे’ असे स्पष्ट सांगावे, नाहीतर तो पश्चिमेला सोडेल. तेथेही हमाल आधीच ठरवावा आणि डबा कोठे येतो ते त्यालाच विचारावे.

विजापूर_वेस
त्यापेक्षा आत्ताच चढण्याचे स्थानक दादर करून ठेवले तर?

कुर्डुवाडी_जंक्शन
तसे करू नये. चढण्याचे स्थानक एकदा बदलले की मूळ स्थानकावरून त्या जागेवर बसण्याचा हक्क राहत नाही, आणि आपला मुख्य बेत सीएसएमटीचाच आहे. शुक्रवारी खरोखर दादरला जाण्याची वेळ आली तर ताईंनी लगेच रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर कळवावे, आणि गाडीत चढल्याबरोबर मंडळींनी तिकीट तपासनिसाला गाठून आपण आलो असल्याचे सांगावे, म्हणजे जागा दुसऱ्या कोणाला दिली जाण्याची भीती कमी होईल.

साखरपेठ_सोलापूर
ठरले. साडेआठपर्यंत सामान मिळाले तर मेट्रोने सीएसएमटी, वडील दमले असतील तर प्रीपेड मोठी टॅक्सी, आणि उशीर झाला तर टॅक्सीने दादर पूर्व. हे तिन्ही मी मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून मावशीच्या फोनवर पाठवत आहे, कारण तिघांमध्ये फोन तीच नीट वापरते. मेट्रोचे तिकीट तेथे खिडकीवर रोख पैशांत मिळते ना?

लष्कर_भाग
हो, मिळते. मोबाइलवरून काढणार असाल तर खाली उतरण्यापूर्वीच काढायला सांगा, भुयारात नेटवर्क मिळेलच असे नाही. आणि ते पितळेचे खोके दोरीने बांधून त्याला धरायला मूठ करून घ्यायला वाराणसीतच सांगा, कारण तपासणी यंत्रावर ते उचलून ठेवावे लागेल.