आप्पांचं वय आधारवर ६८, खरं ७२. सत्तरीचं कार्ड निघेल का?

कांडीवाली

नमस्कार. जरा लांबण लागेल, पण सगळं एकदाच सांगते.

माझे वडील, आप्पा. मूळचे आटपाडीकडचे, पण चाळीस वर्षं इचलकरंजीत यंत्रमागावर गेली. आधी कामगार, मग जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. पेन्शन नाही, पीएफ नाही. शेठ बदलत गेले तसा हिशोब तिथल्या तिथे मिटत गेला. आता भावाकडे असतात. रेशनकार्ड केशरी, त्यावर आप्पा, आई, भाऊ, वहिनी आणि दोन पोरं.

मागच्या महिन्यात जिना चढताना आप्पांच्या छातीत भरून आलं. एका खाजगी दवाखान्यात अँजिओग्राफी केली, २२ हजार रोख मोजले. एका शिरेत ब्लॉकेज निघालं. अँजिओप्लास्टी लवकर करून घ्या म्हणाले, खर्च १ लाख ९० हजार. भावाने आयुष्मान कार्डाचं विचारलं तर काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता सांगितलं, "सत्तर पूर्ण लागतात." आप्पांच्या आधारवर तारीख आहे ०१/०१/१९५७. म्हणजे ६८.

ही तारीख आली कुठून, तर २०१२ साली गल्लीत आधारचा कॅम्प लागला होता. ऑपरेटर म्हणाला, आजोबा वय सांगा. आप्पा म्हणाले, "असंल पंचावन्न." झालं, संगणकाने वजाबाकी करून एक जानेवारी टाकून दिली. आप्पांचा स्वतःचा हिशोब वेगळा आहे. "बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला होतो. मुकादम मला पुरी हजेरी लावायचा, पोरास्नी अर्धी." म्हणजे तेव्हा १८-१९ चे तरी असणार.

वय दुरुस्त व्हायला किती दिवस लागतात? तोवर थांबायचं का? आणि दुसरी अडचण म्हणजे त्यांच्या बोटांचे ठसे उमटतच नाहीत, सुताने घासून गुळगुळीत झालेत. रेशन दुकानातही दर महिन्याला हाच तमाशा असतो.

हातात ६० हजार आहेत. वहिनीचे दागिने ठेवायची भाषा घरात सुरू झाली आहे आणि ते मला नको आहे.

रानवारा

ताई, आधी आधार दुरुस्त करून घ्या, बाकी सगळं नंतर. आधारवर सत्तर दिसल्याशिवाय ते सत्तरीचं, म्हणजे वय वंदना कार्ड निघत नाही. माझ्या मामांचं आधार बरोबर होतं, मोबाइलवर दहा मिनिटांत कार्ड निघालं. उत्पन्नाचा दाखला वगैरे काही मागितलं नाही.

खिडकी नंबर ३

रानवारा, मामांचं झालं ते चांगलंच झालं, पण या बाईंनी आधारच्या मागे लागून अँजिओप्लास्टी लांबवू नये. वयाचा प्रश्न इथे मुळात आडवा येतच नाही.

मी सहा वर्षं आरोग्यमित्र, म्हणजे दवाखान्यात योजनेच्या पेशंटचे कागद बघणारा माणूस होतो, दोन वेगवेगळ्या दवाखान्यांत. आता ते काम सोडलंय. खिडकीच्या आतून जे दिसायचं ते सांगतो.

लोकांच्या डोक्यात दोन योजनांचा काला झालाय. ७० वर्षांवरच्यांची जी आयुष्मान वय वंदना, तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने ११ सप्टेंबर २०२४ ला मंजुरी दिली आणि २९ ऑक्टोबर २०२४ ला ती सुरू झाली. तिच्यात उत्पन्नाची अट नाही, वय मात्र आधारवरचंच धरतात. पण आपल्या राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना त्याच्या आधीपासून आहे. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ ला राज्यभर गेली, २०१७ ला नाव बदललं. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाख मिळायचे. १ जुलै २०२४ पासून ते पाच लाख झाले, आणि पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही रेशनकार्ड चालतं. वयाचा संबंधच नाही. तुमचे आप्पा ६८ असोत नाहीतर ७२, केशरी कार्डावर नाव आहे म्हणजे ते आजही योजनेत आहेत.

मग सत्तरीच्या कार्डाने जास्तीचं काय मिळतं? ज्या घराला आधीच पाच लाखांचं कवच आहे, तिथल्या सत्तरीपुढच्या माणसांना वेगळे पाच लाख मिळतात. त्यात सून, नातू कोणी वाटेकरी नाही. नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ते पाच लाख दोघांत मिळून. घरात एकाच वर्षात दोन मोठी दुखणी निघाली तर हा फरक जाणवतो. एका अँजिओप्लास्टीसाठी घरातले पाच लाख पुरून उरतात. काउंटरवरच्या मुलीला एकच योजना माहीत असेल, किंवा एकच सांगायची असेल.

आता मुख्य गोष्ट. कागद दाखल व्हायच्या आधी दाखवायचे असतात. डिस्चार्जच्या दिवशी कार्ड घेऊन पळत आलेली किती माणसं मी परत पाठवली असतील! पोटात कालवायचं, पण करणार काय? मंजुरी आधी घ्यावी लागते. एकदा रोखीचा पेशंट म्हणून नाव चढलं की ते पैसे योजनेतून परत निघत नाहीत. तुमचे २२ हजार गेलेच म्हणून समजा. मात्र त्या अँजिओग्राफीची सीडी आणि रिपोर्ट सांभाळून ठेवा. मंजुरीसाठी तेच वर चढवतात.

उद्या सकाळी १५५३८८ ला फोन लावा. लागला नाही तर १८०० २३३ २२००. "कोल्हापूर, सांगली भागात हृदयरोगासाठी कोणते दवाखाने योजनेत आहेत" असंच विचारा. नुसतं "योजनेत आहे का" विचारू नका. दवाखाना हाडांसाठी योजनेत असतो आणि हृदयासाठी नसतो, बाहेर पाटी मात्र एकच लावलेली असते. कोल्हापुरात सीपीआरलाही, म्हणजे तिथल्या सरकारी रुग्णालयात, चौकशी करा. आणि दवाखान्यात गेल्यावर बिलिंगच्या खिडकीकडे न जाता आधी आरोग्यमित्राची खिडकी शोधा.

सोबत आप्पांचं आधार आणि रेशनकार्ड न्या. रेशनकार्ड ऑनलाइन झालंय का ते आधी बघा, बारा आकडी नंबर लागतो. दोन्हीकडे नावाचं स्पेलिंग तपासा. एका बाईंचं आधारवर "सखूबाई" आणि रेशनकार्डावर "सखाबाई" होतं. त्या एका कान्यासाठी त्यांचा मुलगा तीन दिवस तहसीलला फिरत होता. ठसे नाही उमटले तरी घाबरू नका. चेहऱ्यावरून ओळख पटवता येते, डोळ्यावरून किंवा आधारला जोडलेल्या मोबाइलच्या ओटीपीवरूनही होते. फक्त तो मोबाइल नंबर चालू असू दे.

आणखी एक, हे नीट वाचा. घाईगडबडीत पुढ्यात एक कागद येतो, "मला योजनेचा लाभ नको, मी स्वखर्चाने उपचार घेत आहे" असा. बाकीच्या दहा सह्यांत ही सही मिसळून जाते. त्यावर सही करायची नाही. "योजनेचा कोटा संपलाय" म्हणाले तर शांतपणे विचारायचं, हे लिहून द्या. लिहून कोणी देत नाही. मग बहुतेक वेळा खाट निघते.

निवृत्त लेखापाल

खिडकी यांनी चांगली माहिती दिली. पण या कार्डांचा गवगवा फार आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

सत्तरीपुढच्या योजनेला मंजुरी देताना सुरुवातीची तरतूद सांगितली गेली ३,४३७ कोटी रुपये. लाभार्थी ६ कोटी. भागाकार करा, डोई ५७३ रुपये. ब्लडप्रेशर आणि साखरेच्या माझ्या गोळ्या महिन्याला याहून जास्तीच्या होतात! आणि नेमक्या त्याच या कार्डात बसत नाहीत, कारण ओपीडी नाही, रोजची औषधं नाहीत, चष्मा नाही, कवळी नाही. म्हातारपणाचा खर्च हा मोठ्या ऑपरेशनचा कमी आणि केमिस्टच्या बिलाचा जास्त असतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ ला ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ ला ३९.४ वर आला. आकडा उतरला हे मान्य. पण ही सगळ्या देशाची सरासरी झाली. सरासरीने माझं केमिस्टचं बिल उतरत नाही.

खिडकी नंबर ३

लेखापाल साहेब, भागाकार बरोबर आहे, पण असा भागाकार विम्यात चालत नाही. सहा कोटींतले सगळे एकाच वर्षी दाखल होत नाहीत. तुम्ही म्हणता तशी डोई वाटणी केली तर कोणाचंच भागणार नाही.

औषधांचं मात्र शंभर टक्के खरं. आणि हे कांडीवाली ताईंनाही आत्ताच सांगून ठेवतो. आयुष्मानच्या नियमात दाखल व्हायच्या आधीचे ३ दिवस आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस धरलेले आहेत. महात्मा फुलेत किती दिवस ते आरोग्यमित्राला विचारा, ते संपले की खिसा तुमचा. स्टेंट, म्हणजे शिरेतली जाळी, बसला की रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तोपर्यंत एक दिवसही चुकवायच्या नाहीत. "आता बरं वाटतंय" म्हणून गोळ्या बंद केलेले पेशंट मी तीन-चार महिन्यांत पुन्हा स्ट्रेचरवर पाहिलेत. पैसे वाचवायला बंद करतात हो, दुसरं काही नसतं. त्यापेक्षा चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी या स्वस्त औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानातून आणा. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तिथे हृदयाच्या सगळ्या गोळ्या मिळतीलच असं नाही, पण निम्म्या मिळाल्या तरी तेवढं ओझं कमी.

रानवारा

माझी चूक झाली, मला दोन्ही एकच योजना वाटायच्या. आणि समजा योजनेतला दवाखाना सापडलाच नाही तर?

खिडकी नंबर ३

तर धर्मादाय रुग्णालय. ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धन लोकांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली त्याची योजना घालून दिली आहे. उत्पन्न वर्षाला १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, म्हणून तो आजच टाकून ठेवा, लागला नाही तरी वाया जात नाही. दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक बसतात, त्यांना भेटायचं.

आधारच्या तारखेचंही सांगतो, कारण कधीतरी ते करावंच लागेल. जन्मतारीख साधारण एकदाच बदलता येते, त्यामुळे कच्च्या कागदावर ती संधी घालवू नका. आप्पा दुसरी-तिसरी शिकले असतील तर गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नोंद असेल. तो उतारा काढा, त्यावरून उशिराची जन्मनोंद करून घ्या आणि जन्मदाखला हातात आला की मग आधार केंद्रावर जा. प्रांत ऑफिसच्या दोन-चार फेऱ्या होतील. घाई नाही म्हणून सांगतोय, नको असं नाही.

कांडीवाली

उशिरा लिहितेय, माफ करा. मधले अठरा दिवस दवाखान्यात आणि एसटीत गेले.

फोन तिसऱ्या वेळी लागला. त्यांनी तीन दवाखान्यांची नावं दिली. पहिल्यात "पुढच्या महिन्यात या" म्हणाले. दुसऱ्यात गेलो, आरोग्यमित्राची खिडकी जिन्याखाली होती, बोर्डापुढे ऑक्सिजनची नळकांडी उभी करून ठेवलेली. मुलगा चांगला होता. रेशनकार्ड ऑनलाइन निघालं, नाव जुळलं. बोटांचे ठसे चार वेळा नापास, मग चेहरा धरला. आप्पांना हलू नका म्हटलं की ते हमखास बोलायचे. सीडी चढवली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंजुरी आली.

सह्यांच्या गठ्ठ्यात तो स्वखर्चाचा कागद खरंच होता. भावाने निम्म्या सह्या न वाचता केल्या होत्या. मी तो बाजूला काढून विचारलं, हा कशाला? "चुकून आला असेल" म्हणाले आणि काढून घेतला.

एक स्टेंट बसला. जेवण, औषधं, सगळं त्यांच्याकडूनच. परत जायच्या एसटी भाड्याचेही पैसे मिळतात हे मला त्या मुलानेच सांगितलं. आमच्या खिशातून गेले ते येण्याजाण्याचे, आईच्या डब्याचे आणि वॉर्डबॉयला चहापाण्याचे. दागिने कपाटातच आहेत.

आजपासून गोळ्या आमच्या पैशाने. पहिल्यांदा केमिस्टकडे विचारलं तर महिन्याचे २,१०० झाले. जनऔषधीत पाचातल्या चार गोळ्या मिळाल्या, त्या ४०० च्या आत बसल्या. पाचवी बाहेरून घ्यावी लागते.

भाऊ आटपाडीला जाऊन आला. शाळेचं जुनं रजिस्टर मिळालं, पानं वाळवीने खाल्लेली, पण आप्पांची ओळ शाबूत आहे. १२ जून १९५३. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "मग मुकादमाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं." सोमवारी प्रांत ऑफिसला अर्ज टाकतोय. उताऱ्यावर नाव "नाना" लिहिलंय आणि आधारवर दुसरंच आहे. त्याला प्रतिज्ञापत्र लागेल की गावच्या ग्रामसेवकाचा दाखला चालेल, खिडकी दादा?

खिडकी नंबर ३

दोन्ही घेऊन जा. एकच नेला की नेमका दुसरा मागतात.