पहिली बाईक जुनीच घ्यावी! (बाबांचं मत: अजिबात नाही)

नाशिकची_किक

गिअरच्या गाडीचं लायसन्स हातात पडून तीन आठवडे झाले आणि तितकेच आठवडे आमच्याकडे जेवताना एकच विषय आहे. माझ्याकडे साठवलेले ५० हजार आहेत. त्यात मला जुनी पण धड अवस्थेतली १२५ किंवा १५० सीसी घ्यायची आहे, आडगाव ते अंबड रोज जायला-यायला. बाबांचं म्हणणं, "दुसऱ्याची कटकट पैसे मोजून घरात कशाला आणायची? हप्त्यावर नवी घे, जामीन मी राहतो."

माझं म्हणणं सरळ आहे. पहिली गाडी पडते. मी निफाडला मामाच्या गाडीवर शिकले, द्राक्षबागेकडच्या मुरमाच्या रस्त्यावर दोनदा आडवी झाले. क्लचची दांडी वाकली, मामाने पाइप घालून सरळ केली आणि वर "आता झाली ही तुझी गाडी" म्हणाला. शोरूममधून आणलेल्या गाडीचं तेच झालं असतं तर मी आठवडाभर कुणाशी बोलले नसते. शिवाय आपल्याला नेमकी कसली गाडी हवी हे वर्षभर चालवल्याशिवाय कळत नाही. चुकायचंच तर स्वस्तात चुकावं.

विरोधी मतं हवी आहेत. बाबा मागे उभे राहून वाचतायत.

हिशेबनीस

बाबांना माझा नमस्कार सांगा, मी त्यांच्या बाजूने.

दोन वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर मीही जुनीच घ्या म्हणालो असतो. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जुनी विकणारे मात्र माझ्या बघण्यात अजून जुन्याच भावाला चिकटून आहेत. नवी १२५ ऑन रोड लाखाच्या आसपास धरा. २५ हजार रोख, ७५ हजार कर्ज, ११ टक्क्यांनी तीन वर्षं. हप्ता साधारण २,४५० बसतो आणि तीन वर्षांचं मिळून व्याज साडेतेरा हजारांच्या आत. त्यात वॉरंटी आली, पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा आला. तुमच्या जुनीला टायर, चेन-स्प्रॉकेट, बॅटरी आणि नावावर करण्यात आठ-दहा हजार सहज जातील, ते कुणी मोजत नाही.

एक सांगून ठेवतो. शोरूममधल्या टेबलावर "फक्त आठ टक्के" म्हणतील. फ्लॅट (म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर) का घटत्या शिलकीवर, ते विचारा. तीन वर्षांच्या कर्जावर फ्लॅट आठ म्हणजे खरे साडेचौदा. त्याच ७५ हजारांचा हप्ता २,५८० च्या वर जातो.

नाशिकची_किक

फ्लॅटची गोष्ट माहीत नव्हती, धन्यवाद. पण माझं कंत्राट ११ महिन्यांचं आणि हप्ते ३६. कंत्राट पुढे नाही वाढलं तर हप्ता बाबांच्या पेन्शनमधून. हे वाक्य वाचून बाबा आतल्या खोलीत गेले.

ग्रीसवाला

मिरजेत गॅरेज हाय आपलं, २२ वर्षं झाली. ताई, पहिलं म्हणजे मामांना सांगा, वाकलेली दांडी सरळ केली की तिथं तडा जातो. एक दिवस ऐन चौकात हातात येती. दीड-दोनशेची वस्तू, नवी घाला.

आता जुनी-नवीचं. जुनी घ्या, खुशाल घ्या, पण लोक बघायला जातात तेव्हा काय बघतात? टाकीवरची पॉलिश आन् आरसे. मालकाला फोन करून सांगायचं, मी यायच्या आधी गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या पहिलं इंजिनाला हात लावायचा. गार पाहिजे. गार इंजिनच खरं बोलतंय: टायमिंग चेनची खडखड, उशिरा स्टार्ट होणं, सुरुवातीचा निळा धूर. गरम झालं की निम्मं दडतंय. पांढरी वाफ थंडीत येती, दोन मिनिटांत जाती, त्याला भ्यायचं नाही. निळा म्हणजे ऑइल खातीया.

मीटरवर विश्वास ठेवू नका. १८ हजार दाखवतंय आणि ब्रेकच्या पायाचं रबर घासून गुळगुळीत, मागच्या स्प्रॉकेटचे दात माशाच्या काट्यासारखे टोकदार, तर ती गाडी ६० हजार फिरलीया. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली असू दे, तेवढं जुनं रबर कडक झालेलं असतंय, पावसात सोडून देतंय. मेनस्टँडवर लावून पुढचं चाक उचला, हँडल सावकाश इकडून तिकडं फिरवा. मधोमध खळ्ळकन अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मुळाशी असलेलं बेअरिंग, गेलं. कोनसेट मोठा खर्च न्हाई, पण भाव पाडायला बरं.

आणि एप्रिल २०२० च्या आधीची बीएस-४ (धुराच्या जुन्या सरकारी नियमातली) घेतली तर बहुतेकांना कार्बोरेटर हाय, कुठल्याबी खेड्यात स्क्रू-ड्रायव्हरनं सुधरतंय. नंतरच्या बीएस-६ ला इंजेक्शन, तिथं स्कॅनर लागतोय.

मुलाची_आई

ग्रीसवालेदादांचा अनुभव मोठा आहे, पण "बीएस-४ घ्या" यावर माझा आक्षेप आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. नवशिका माणूस घाबरला की काय करतो? पुढचा ब्रेक मुठीत आवळतो. माझ्या मुलाने तेच केलं. भर पावसात, समोर कुत्रं. गाडी जुनी १५०, एबीएस नव्हतं, पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. कॉलरबोन मोडलं, जॅकेट होतं म्हणून तेवढ्यावर निभावलं. "पहिली गाडी पडते" हे वाक्य हसून लिहिलंयस म्हणून सांगते गं. मुरमावर पडणं आणि मुंबई-आग्रा हायवेवर पडणं यात फरक आहे, आणि तुझा रोजचा रस्ता तोच आहे.

ग्रीसवाला

वहिनी, पटलं. मी खर्चाच्या बाजूनं बोललो, रस्त्याच्या न्हाई. पण बऱ्याच १५० ना नुसत्या पुढच्या चाकाला एबीएस असतंय, तेवढं ध्यानात असू दे. घेताना चावी फिरवली की मीटरमधला एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी पळाली की विझला पाहिजे. दिवा लागतच न्हाई म्हणजे कुणीतरी बिघाड झाकलाय.

हिशेबनीस

म्हणजे आता २०१९ नंतरची, एबीएसवाली, कमी फिरलेली १५०. ती पन्नास हजारांत कुठे मिळते ते मलाही सांगा, मी दोन घेतो. 🙂

आरएक्सप्रेमी

१०० सीसी टू-स्ट्रोक. बाकी सब झूठ. पहिली गाडी असावी तर आरएक्स १००.

ग्रीसवाला

१९९६ ला बंद झाली ती. आज मिळंल ती तीस वर्षांची, भाव नव्या गाडीएवढा. शिकायला न्हाई, पुजायला घ्या.

एकदा_पोळलेला

इथे सगळे घेणाऱ्याच्या बाजूने बोलतायत. मी विकणारा होतो, माझं ऐका.

माझी गाडी मी एका एजंटाला दिली. मालकी बदलायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या केल्या, पैसे घेतले, सुटलो असं वाटलं. त्याने फॉर्म आरटीओत दिलेच नाहीत. गाडी आणखी दोन हातांत फिरली. आधी चलनं आली, विनाहेल्मेट, सिग्नल तोडला. मग एके दिवशी अपघात नुकसानभरपाईची नोटीस. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तो मालक. "मी तर विकली" हे अपघातग्रस्ताला ऐकवता येत नाही. सध्या तारखा चालू आहेत.

हे घेणाऱ्याशी संबंधित कसं? तुम्हाला जी गाडी "पेपर क्लियर, सही केलेले फॉर्म तयार आहेत" म्हणून दाखवतील, ती बहुतेक अशीच तीन हातांतून आलेली असते. आरसीवरचा माणूस समोर हवा. तो नसेल तर गाडी कितीही गोंडस असो, उठून यायचं. एमपरिवहन या सरकारी अॅपवर नंबर टाकून चलनं, विम्याची तारीख आणि बँकेचा बोजा बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. २०१९ ची गाडी असेल तर तिचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी २०२४ मध्येच संपलाय, पुढे भरलाय का ते विचारा. एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरपाटी बसवलीय का तेही बघा, नाहीतर आरटीओत काम अडतं. आणि विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो.

एवढं सगळं करायची तयारी नसेल तर बाबांचं ऐका.

नाशिकची_किक

रविवारचा अहवाल.

पंचवटीत एक २०१९ ची १६० सीसी बघायला गेले, मागणी ५८ हजार. बाबा म्हणाले मीही येतो, नुसता बघायला. आदल्या रात्री मालकाला सांगितलं होतं, गाडी चालू करू नका, सकाळी आठला येतो. आम्ही साडेसातलाच पोचलो. गाडी धुऊन पुसून उभी, सीटवर प्लास्टिक. मी काही बोलायच्या आत बाबांनी इंजिनावर पंजा ठेवला आणि चटकन मागे घेतला. माणूस म्हणाला, "आत्ताच दूध आणायला गेलो होतो." बाबांनी फक्त विचारलं, "सीटवर प्लास्टिक टाकून?"

अॅपवर बोजा अजून फायनान्स कंपनीचाच दिसत होता. "एनओसी आठवडाभरात येते, तोवर पाच हजार टोकन द्या." चहाला थांबा म्हणाले, थांबलो नाही.

मुलाची_आई, तुमचा मुद्दा लागला. १५० घेतली तर एबीएसशिवाय घेणार नाही, त्यासाठी बजेट ६० पर्यंत नेलंय. तेवढ्यात नाहीच मिळाली तर १२५. हिशेबनीस, तुमचा कागद बाबांनी फ्रिजवर लावलाय, पण ११ आणि ३६ या आकड्यांचं उत्तर त्यांच्याकडेही नाही. दिवाळीपर्यंत जुनी शोधायची, नाही मिळाली तर त्यांचं ऐकायचं, असं ठरलंय.

अवांतर: कालपासून बाबा सोसायटीच्या पार्किंगमध्ये वाकून वाकून सगळ्यांच्या टायरवरचे चार आकडे वाचतायत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना वाटलं हवा सोडतायत.

ग्रीसवाला

काकांचं टायर कितीचं निघालं?

नाशिकची_किक

१४१६.

ग्रीसवाला

मग हवा सोडलेलीच बरी.