खोपोलीचं वीजघर : अभिमान धरायचा की पाण्याचा हिशोब मागायचा?

गिरणाकाठ, चाळीसगाव
मागच्या आठवड्यात भाचीला पोचवायला लोणावळ्याला गेलो आणि वळवण धरणावर तासभर थांबलो. हे पाणी मुळात इंद्रायणीतून भीमेत जाणारं. टाटांनी ते अडवलं, १९११ साली पायाभरणी झाली आणि फेब्रुवारी १९१५ पासून खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. घाटमाथ्यावरून लोखंडी नळांनी पाचशे मीटर खाली! काम थोरच.

पण आपल्याकडे काय चाललंय? २०२४ मध्ये नार-पार-गिरणा नदीजोड प्रकल्प मंजूर झाला. म्हणजे पश्चिमेला वाहून जाणारं पाणी वीज खर्चून वर चढवायचं आणि गिरणेत सोडायचं. एकाच राज्यात एका घाटावर पाणी खाली टाकून वीज काढतो, दुसऱ्यावर वीज लावून पाणी वर घेतो. टाटांच्या तलावांचं पाणी टप्प्याटप्प्याने भीमा खोऱ्याला परत द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तारमास्तर, भुसावळ
भाऊ, मत पटलं नाही. त्या काळी मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालायच्या आणि कोळसा यायचा पार बंगालकडून. जळगाव-धुळ्याच्या जिनांतून (सरकी काढायच्या कारखान्यांतून) गाठी बांधून आपली कपाशी त्याच गिरण्यांत जात होती. खोपोलीच्या विजेवर आपल्याही वावरातला कापूस कातला गेला, हे विसरू नका.

मी औष्णिक केंद्रात ३२ वर्षं काढली. थंड पडलेला संच पेटवून लोडवर घ्यायला, म्हणजे वीज देता करायला, रात्र सरते. पाण्याचा संच झडप उघडली की काही मिनिटांत उभा. संध्याकाळी सगळीकडे एकदम दिवे लागतात तेव्हा या मिनिटांची किंमत कळते. आणि पाणी वाया कुठे जातं? वीजघरातून ते पाताळगंगेत येतं, खालची गावं आणि कारखाने त्यावरच आहेत.

गिरणाकाठ, चाळीसगाव
काका, आकडा मांडून बघा. हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली आलं की सव्वा युनिटाच्या आसपास वीज मिळते. माझी पाच हॉर्सपॉवरची मोटर तासभर चालवायला तीन-साडेतीन हजार लिटर पाणी कायमचं घाटाखाली जाणार. वीज सूर्यापासूनही करता येते. कालव्याचं आवर्तन लांबलं आणि पाटचारी कोरडी पडली की पाणी कशापासून करायचं?

पांझराकाठ, साक्री
खोपोलीच्या आधीचं उदाहरण आहे. कावेरीवरचं शिवनसमुद्रमचं वीजघर, १९०२. तिथून जवळजवळ दीडशे किलोमीटर तारा ओढून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज दिली. पण कावेरीचं पाणी कावेरीतच राहिलं, चाकं फिरवून पुढे गेलं. नंतर विश्वेश्वरय्यांनी कृष्णराजसागर बांधला, त्यातून त्या वीजघराला बारमाही पाणी मिळालं आणि मंड्याची शेतीही भिजली. हे तेच विश्वेश्वरय्या, ज्यांनी नोकरीच्या सुरुवातीच्या काळात आपल्या खान्देशात काम केलं आणि ज्यांनी आमच्या दातर्तीजवळ पांझरेखालून नळ टाकून पाणी पलीकडे नेलं. इथली फड पद्धत (बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून शेतांच्या गटांना, म्हणजे फडांना, वाटून घ्यायची रीत) त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. वीज आणि शेती एकाच धरणातून होते, खोपोलीत तो विचारच झाला नाही.

तारमास्तर, भुसावळ
दादा, नदी बघून बोला. कावेरी मोठी, पात्रात पाणी भरपूर आणि उडी सव्वाशे मीटरच्या आतबाहेर. सह्याद्रीवर चार महिने धो धो पाऊस आणि पुढे आठ महिने ओढे कोरडे. तिथे पाणी थोडं पण उडी चौपट. तलाव बांधून साठवायचं आणि कड्यावरून सोडायचं, एवढीच वाट होती. पूर्वेला सोडलं असतं तर तेवढी उडी मिळालीच नसती.

सातपुड्याची लेक, धडगाव
तुम्ही दोघंही पाण्याचं बोलताय, माणसांचं कुणी बोलत नाही. त्याच टाटांच्या मुळशी धरणासाठी मावळ्यांची भातखाचरं बुडाली. १९२१ ला सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तुरुंग भोगला. तरी धरण झालं आणि १९२७ ला भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. नंतर सरदार सरोवरात आमच्या नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं आली. माझ्या आजीच्या घराची सागाची तुळई आम्ही उतरवून आणली, ती अजून पडवीत आडवी ठेवलीय, कुठल्याच घराला बसत नाही. भीमेला पाणी परत द्या म्हणता, तर मुळशीच्या लोकांना काय परत देणार तेही याच धाग्यात लिहा.

तारमास्तर, भुसावळ
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. भाऊ, तुमचं एक मानतो. भीमेला टंचाई असेल त्या वर्षी तलावांतलं पाणी आधी पूर्वेला सोडावं, वीज कोळशाची घ्यावी. पण कायमचं वळवायला माझा विरोधच राहील.

गिरणाकाठ, चाळीसगाव
काका, टंचाई आहे हे ठरवणार कोण? फडात पाणी कमी पडलं तर सगळ्या गावासमोर ठरायचं की यंदा कोणता फड भिजवायचा आणि कोणता पडीक ठेवायचा. तोटा सगळ्यांच्या वाट्याला सारखा यायचा. तलावांच्या बाबतीत असं बसायची तयारी असेल तर मी 'परत द्या' हा शब्द मागे घेतो. ताई, तुमचं म्हणणं वर मूळ मुद्द्यात जोडतोय. मुळशीकडचं कुणी इथे असेल तर कृपया लिहा.